कपाचे कान आणि बिघडलेल्या चकल्या

लोकांच्या कारखान्यात जायचं, चहा घ्यायचा, खुशाली विचारायची आणि मग शांतपणे म्हणायचं, "आज आपण थोडा माल मुद्दाम खराब करू या." माझ्या कामाचं वर्णन थोडक्यात करायचं तर हे असं आहे. एवढं ऐकूनही मालकांनी मला हाकलून दिलं नाही, उलट पुन्हा पुन्हा बोलावलं, याचं मला अजून नवल वाटतं.

लखनौला आमच्या महानगर नावाच्या भागातल्या कॉलनीत कोणी विचारलं, "भाभीजी, आप करती क्या हैं?" की माझ्याआधी माझा नवरा श्रीधर उत्तर द्यायचा, "ये फैक्टरियाँ बिगाड़ती हैं." स्वतः तो इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होता, म्हणजे प्रयोग करणं ही त्याचीही रोजीरोटीच. पण त्याचे प्रयोग प्रयोगशाळेत चालायचे. माझे चालायचे ते घाईत असलेल्या, चिडलेल्या माणसांच्या मधोमध. मूळची मी सांगलीची. लग्न होऊन इकडे आले, काही वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. एकदा एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या कारखान्यात सहज डोकावले आणि तिथेच रमले ते रमलेच.

या धंद्याला 'प्रयोगांची आखणी' असं भारदस्त नाव आहे. दिवाळी अंकाच्या वाचकाला ते समजावून द्यायला मला पुस्तक उघडायची गरज नाही, चकलीचा सोऱ्या पुरे.

समजा, चकली बिघडते आहे. आपण काय करतो? आधी आच बदलून पाहतो. तरी बिघडते. मग म्हणतो, आचेचा दोष नाही. ती होती तिथे आणून ठेवतो आणि मोहन वाढवतो. तरी बिघडते. मग मोहनही निर्दोष. शेवटी दोष भाजणीवर जातो, नाहीतर ज्या बाईनं भाजणी दळून आणली तिच्यावर. खरी गोम अशी की मोहन आणि आच ही दोघं एकमेकांना विचारल्याशिवाय वागत नाहीत. जास्त मोहन चांगलं की वाईट, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, आच किती आहे ते सांगा, मग सांगते. तेव्हा एकेक गोष्ट बदलून भागत नाही. कमी मोहन मंद आच, कमी मोहन मोठी आच, जास्त मोहन मंद आच, जास्त मोहन मोठी आच, असे चारही घाणे तळायला लागतात. त्यांतले दोन-तीन वाया जाणार हे आधीच ठाऊक असतं. तरी ते मनापासून तळायचे, कारण वाया गेलेला घाणाच चांगल्या घाण्याची खूण सांगतो.

एवढीच विद्या. पण ती पचवणं कठीण. तेलीबागेतल्या एका फरसाणवाल्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "मैडम, बहुत बढ़िया. बस खराब वाले छोड़ दीजिए, बाकी सब कर डालिए." कानपूर रोडच्या पुढे नळाच्या तोट्या ओतणारे एक गृहस्थ होते. त्यांचा दुसराच घाणा चांगला निघाला. त्यांनी "मिल गया!" अशी आरोळी ठोकली, बाकीचे प्रयोग रद्द केले आणि पेढे वाटले. पुढच्या महिन्यात तोट्या पुन्हा गळायला लागल्या. मी गेले तर म्हणाले, "पेड़े तो आपने भी खाए थे." खाल्ले होतेच.

या सगळ्या गिऱ्हाइकांत माझ्या मनात घर करून बसलेलं प्रकरण रस्तोगीजींच्या कपांचं आहे. ते आठवलं की आजही माझं बोलणं भरभर आणि हातवारे मोठे व्हायला लागतात, आणि श्रीधर समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवून ठेवतो.

लखनौबाहेरचं बख्शी का तालाब हे गाव ओलांडून पुढे गेलं की शेतांच्या मधोमध त्यांचा चिनी मातीच्या कपांचा कारखाना आहे. जवळच हवाई दलाचा तळ. विमान डोक्यावरून गेलं की फळ्यांवरचे कप एकदम किणकिणायचे. रस्तोगीजी अस्सल लखनवी, कोणाला रागावले तरी 'आप' सुटायचं नाही. एके दिवशी त्यांनी माझ्या फोनवर सुप्रभाताच्या गुलाबाऐवजी तडकलेल्या कपांचे फोटो पाठवले. सगळे कप एकाच जागी तडकलेले. कान जिथे कपाला चिकटतो, तिथे केसासारखी बारीक चीर.

मी गेले. कप कसा होतो ते आधी सांगते. कपाचं पोट साच्यातून निघतं आणि कान वेगळ्या साच्यातून. पोट थोडं कडक झालं, चामड्यासारखं, की पातळ मातीचा घोल लावून त्याला हातानं कान चिकटवतात. मग वाळवणं, मग भट्टी. कान चिकटवण्याचं काम एका लांब टेबलावर बसून बायका करत. त्या टेबलाच्या प्रमुख नसीम आपा. माझ्याच वयाच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि हात असा की कान लावताना बोटं थांबलेली मी कधी पाहिली नाहीत.

पहिल्याच दिवशी प्रत्येकानं गुन्हेगार पकडून दिला. भट्टीवरचे रामसजीवन म्हणाले, "भट्ठी का कौनो दोस नाहीं, मैडम. हैंडलवै कच्चा आवत है." नसीम आपा मान वर न करता म्हणाल्या, "हमारे हाथ का हैंडल आज तक टेढ़ा नहीं गया. गैस का नया बर्नर लगा है भट्ठी में. उससे पूछिए." आणि रस्तोगीजी हात वर करून म्हणाले, "हवा ही खराब चल रही है."

मग त्यांनी मला ऑफिसात नेलं, दार लोटलं आणि टेबलावर एक कप ठेवला. त्याला कानच नव्हता. कुल्हडासारखा नुसता गोल.

"ये देखिए. न हैंडल, न झंझट. मशीन दबाएगी, निकल आएगा." चहाची दुकानं चालवणारी एक कंपनी त्यांचं मोठं गिऱ्हाईक होती. तिला कानाचे कप आवडायचे, पण चिरा पाहून ती कंटाळली होती आणि दिवाळीनंतर बिनकानाचे घ्यायला तयार होती. "ठीक हो जाए तो बहुत अच्छा. नहीं तो मैडम, हैंडल वाली टेबल उठानी पड़ेगी."

म्हणजे टेबलाबरोबर त्याच्याभोवतीच्या बायकाही. बहुतेक आसपासच्या गावांतल्या होत्या. नसीम आपांच्या घरात तर कमावणारं माणूस त्या एकट्याच. मला वाटलं होतं की त्यांना हे ठाऊक नसेल. बाहेर आले तर त्याच म्हणाल्या, "दिखा दिया आपको? वो बूचा कप?" कान कापलेल्या जनावराला तिकडे बूचा म्हणतात. त्यांनी ते अगदी सहज म्हटलं आणि पुढचा कान उचलला.

मी आखणी केली. संशयित तीन घेतले. कान ओला लावायचा की पोटाइतका कडक होऊ देऊन लावायचा, हा एक. टेबलाच्या वर टांगलेला पंखा चालू की बंद, हा दुसरा. उन्हाळ्यात बायकांचे हाल पाहून रस्तोगीजींनीच तो मोठा पंखा बसवला होता. आणि भट्टी हळू तापवायची की झटपट, हा तिसरा. कान आणि पंखा यांच्या चार तऱ्हा, त्यांचे कप फळ्यांवर मांडून काही हळू भट्टीत घालायचे, काही झटपट. कोणती फळी कोणत्या तऱ्हेची, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे कोणाचा लाडका संशय मधे येणार नाही. चिठ्ठ्यांसाठी रस्तोगीजींनी तो बूचा कपच पुढे केला. मंगळवारी चिठ्ठी उचलायची नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. मी कबूल केली. संख्याशास्त्राची मंगळवाराबद्दल काही तक्रार नाही.

पहिला प्रयोग पार पडला. भट्ट्या उघडल्या. निकाल असा की चिरा सगळीकडेच कमी. ओला कान असो की कडक, पंखा असो की नसो, भट्टी कशीही तापवलेली असो, सगळ्या फळ्या सारख्या आणि सगळ्या नेहमीपेक्षा चांगल्या. रस्तोगीजींनी मिठाई मागवली. "मैडम, आपके कदम पड़ते ही सुधर गया!"

मला मात्र ते खटकलं. वर्गातल्या सगळ्या मुलांना सारखेच मार्क पडले, आणि तेही चांगले, तर बाई खूश होत नाहीत, त्या कॉप्या शोधायला लागतात. वाईट तऱ्हेचा कप वाईट निघायलाच हवा. इथे तर प्रत्येक कप पाहुणे आल्यासारखा शहाण्यासारखा वागला होता. मी तसं म्हटलं तर रस्तोगीजी म्हणाले, "आप शक बहुत करती हैं, मिठाई लीजिए." पेढ्यांचा अनुभव गाठीशी होता, मी मिठाई घेतली नाही.

आणि झालं तेच. आठवडा उलटला असेल नसेल, फोनवर पुन्हा तडकलेल्या कपांचे फोटो. यावेळी खाली लिहिलं होतं, "बस एक मौका और, मैडम. फिर बूचा चालू."

मी सकाळीच निघाले. कोणाला काही विचारायचं नाही असं ठरवूनच गेले. विचारलं की लखनौत उत्तर मिळतं, आणि ते इतकं गोड असतं की त्यातून काही कळत नाही. सरळ टेबलाजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आपा, मुझे हैंडल लगाना सिखाइए."

शिकवणी सुरू झाली. मी एक कडक झालेला कान उचलला. बोटानं घोल लावला, कपाला टेकवला. तेवढ्यात शेजारून एक हात आला, ओल्या स्पंजनं मी लावलेल्या कानाला वरून खालपर्यंत पुसून गेला आणि परत स्वतःच्या कामाला लागला. नसीम आपांचा हात. त्यांचं लक्षही नव्हतं. मी दुसरा कान लावला. पुन्हा स्पंज.

"आपा, उस दिन भी किया था ये? जब चिट्ठी में कड़ा हैंडल लिखा था?"

"हाँ तो." त्या मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "सूखा हैंडल लगा कर कैसे रख देते? थोड़ा गीला कर दिया. और जिस पर पंखा लिखा था, वो पटरी दीवार की तरफ खिसका के गीला कपड़ा डाल दिया."

"क्यों?"

त्यांनी पहिल्यांदाच हात थांबवला. "आप मेहमान थीं, मैडम. मेहमान के सामने खराब माल रखें? हमसे नहीं होता. हाथ ही नहीं उठता."

मी तडक भट्टीकडे गेले. रामसजीवननी आधी आकाशाकडे पाहिलं, मग म्हणाले, "आप इत्ती दूर से आई रहीं. तेज कइसे फूँक देते? दूनो भट्ठी धीमी चलाए दिए."

आता राग कोणावर काढायचा? हसू येत होतं आणि रडूही. जगातल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात प्रयोग बिघडवणारी कारणं दिलेली असतात, जुनं यंत्र, कच्चा माल, आळशी कामगार. अदबीनं बिघडलेला प्रयोग मला फक्त लखनौत भेटला. आणि त्यांना मी कितीही सांगितलं असतं की खराब करा, बिनधास्त करा, तरी पुन्हा तेच झालं असतं. त्यांनी नक्की "जी जरूर" म्हटलं असतं आणि स्पंज फिरवला असता.

घरी आले, चहा केला, तो तसाच राहिला. दिवाळी तोंडावर आली होती. ओट्यावर भाजणीचा डबा उघडाच होता आणि सुट्टीला आलेली माझी मुलगी मुक्ता विचारत होती, "मम्मा, चकली कब बनेगी?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी डब्याकडे पाहिलं आणि ताडकन उठले.

चार घाणे तळले, मनापासून. कमी मोहन मंद आच, त्याची चकली दगड झाली. कमी मोहन मोठी आच, ती वरून लाल आणि आत मऊ. जास्त मोहन मंद आच, ती तेल पिऊन कढईतच विरघळायला लागली, झाऱ्यानं कशीबशी काढली. आणि जास्त मोहन मोठी आच, ती मात्र खुसखुशीत, काटेदार, नाव ठेवायला जागा नाही. आमच्या शेगडीवर असंच होतं, तुमच्याकडे वेगळंही होईल. मुक्तानं दगडी चकली चावून पाहिली. "मम्मा! ये जान के किया आपने?" श्रीधर दारात उभा राहून म्हणाला, "फॅक्टऱ्या संपल्या वाटतं बिघडवायच्या."

दुसऱ्या दिवशी चार डबे घेऊन मी कारखान्यात गेले. जेवणाच्या सुट्टीत कानांच्या टेबलावर ते मांडले आणि म्हटलं, "दिवाली का है, हमारे यहाँ का. पहले आपा लेंगी." पहिला डबा दगडांचा.

नसीम आपांनी चकली तोंडात घातली. जबडा थांबला. डोळे क्षणभर मोठे झाले. मग त्यांनी दुसऱ्या बाजूच्या दाढेनं प्रयत्न केला आणि सांभाळून म्हणाल्या, "माशाअल्लाह. बहुत उम्दा."

"सच?"

"जी. बड़ी... करारी है." कुरकुरीतला तिकडे करारी म्हणतात.

टेबलाभोवतीच्या बायकांनी ओढण्या तोंडाला लावल्या. मी म्हटलं, "आपा, मैंने कल घंटों खड़े होकर, मेहनत से इसे बिगाड़ा है. आप झूठ बोलेंगी तो मेरी सारी मेहनत बेकार."

त्यांनी चकली तोंडातून काढली आणि फळीवर दोनदा आपटली. टक, टक. "पत्थर है, मैडम," त्या म्हणाल्या. "निरा पत्थर." आणि सगळं टेबल जे हसत सुटलं, ते भट्टीवरून रामसजीवन काय झालं ते बघायला आले. त्यांना तेल प्यायलेली चकली मिळाली. "ई तो हाथै में घुल गई," असं म्हणून त्यांनी खांद्यावरच्या अंगोछ्याला बोटं पुसली. मग एकेक डबा फिरला आणि आता कोणी कोणाला आवरेना. ही कच्ची, ही जळकी, ही कुत्र्यालाही घालू नये. शेवटचा डबा आला तेव्हा नसीम आपांनी एक अख्खी चकली संपवली. मग म्हणाल्या, "हाँ. ये हुई बात."

मग त्यांनी चारही डब्यांकडे बोट दाखवलं. "इतना सामान बिगाड़ते आपका दिल नहीं दुखा?"

"बहुत दुखा, आपा."

"तब ठीक है," त्या म्हणाल्या, आणि ओला स्पंज उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "ये आप रखिए. हमारे पास रहा तो चल जाएगा."

दुसरा प्रयोग झाला तो असा. स्पंज माझ्या ताब्यात, त्याच्या पाण्यानं माझी साडी ओली. चिठ्ठीत कडक कान आला की नसीम आपा तो तसाच चिकटवायच्या आणि फळी पुढे सरकवताना मान दुसरीकडे वळवायच्या. पंख्याची चिठ्ठी आली की पंखा भरारा सुटायचा आणि फळी खुशाल त्याच्याखाली. नसीम आपांचा हात सवयीनं रिकाम्या जागेकडे जायचा, स्पंज नाही असं पाहून परत यायचा. रामसजीवन झटपट भट्टी पेटवताना म्हणाले, "पाप आपका, मैडम." मी म्हटलं, लिहून घ्या माझ्या नावावर.

दोन्ही भट्ट्यांची दारं उघडली त्या दिवशी कोणीच जेवायला गेलं नाही. गाडे बाहेर आले, अजून हात भाजत होता. मी फळीमागून फळी बघत चालले, नसीम आपा माझ्या खांद्याशी. एकेक कप उचलायचा, कानाच्या मुळाशी उजेडात धरायचा, खाली ठेवायचा.

हळू भट्टी आणि झटपट भट्टी, काही फरक नाही. बर्नर बिचारा निर्दोष. रामसजीवननी हे ऐकताच दोन्ही हात जोडून भट्टीलाच नमस्कार केला.

कडक कान, पंखा बंद. चीर क्वचित. कडक कान, पंखा चालू. तरीही क्वचित! ओला कान, पंखा बंद. थोड्याफार चिरा, जुन्या काळी असायच्या तेवढ्याच. आणि ओला कान, पंखा चालू, त्या फळ्यांवर कप उचलायचीही गरज नव्हती. लांबूनच दिसत होतं. कानांना ओळीनं चिरा, काही कान तर गाड्यांवरच गळून पडलेले.

"सापडलं!" मी मराठीतच ओरडले. सगळे दचकले. कोणाला शब्द कळला नाही पण अर्थ कळला. तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. इतके दिवस सगळे ज्यावर वाद घालत होते ते समोर फळीवर पडलेलं असतं, हात लावून बघता येतं. या आनंदासाठी मी पंचवीस वर्षं लोकांचा माल बिघडवत हिंडले.

कारण अगदी साधं आहे. वाळताना माती आकसते. पोट आधीच थोडं वाळलेलं, कान ओला, म्हणजे कान जास्त आकसणार आणि पोटाला ओढणार. सावकाश वाळलं तर दोघं निभावून नेतात. वरून पंखा सोडला की कान घाईनं आकसतो आणि तुटतो.

रस्तोगीजी धावत आले, दोन वाक्यं ऐकली आणि गरजले, "पंखा उतरवाइए! अभी!" एक माणूस शिडी आणायला निघालासुद्धा.

"थांबा!" मी पुन्हा मराठीत. मग भानावर येऊन त्यांना दंडाला धरून फळ्यांजवळ नेलं. "पंखा खराब है कि नहीं, ये अकेले पंखे से मत पूछिए. हैंडल से भी पूछिए. हैंडल कड़ा है तो पंखा कुछ नहीं बिगाड़ता. ये पटरी देखिए." त्यांनी पाहिली. म्हणजे वाटा दोन होत्या. एकतर पंखा काढायचा आणि बायकांनी लखनौच्या जून महिन्यात भट्टीशेजारी तसंच बसायचं. नाहीतर पंखा ठेवायचा आणि कान ओला लावायची सवय सोडायची.

शिडी आणायला निघालेला माणूस थांबला. सगळ्यांच्या नजरा नसीम आपांवर गेल्या. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं त्या हातानं ओला कान लावला होता, आणि पंखा नव्हता तोवर त्यात काही चुकीचंही नव्हतं. ते मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. फळीवर गळून पडलेला एक कान उचलला, बोटांत फिरवला, खाली ठेवला. मग वर पंख्याकडे पाहिलं.

"पंखा रहने दीजिए," त्या रस्तोगीजींना म्हणाल्या. "हाथ हम बदल लेंगे."

सोपं नव्हतं ते. पुढचे काही आठवडे मी जाऊन बघत होते. कान साच्यातून निघाले की ते लगेच टेबलावर न घेता आधी कपांच्या शेजारीच पसरून ठेवायचे. अंगठ्यानं दाबून पोट आणि कान सारखे लागले की मगच चिकटवायचे. नसीम आपांचा हात सुरुवातीला दर दुसऱ्या कानाला हवेतच स्पंज फिरवायचा आणि त्या स्वतःलाच रागवायच्या, "अरे चल, पत्थर." चिरा मात्र कमी झाल्या, आणि मी निघून गेल्यावरही कमीच राहिल्या. चहाच्या कंपनीनं कानाचे कप ठेवले. बिनकानाचं यंत्र आलंच नाही. बूचा कप रस्तोगीजींच्या टेबलावर आहे, त्यात ते पेनं ठेवतात.

सगळीकडे असं झालं नाही, हेही सांगायला हवं. कितीतरी ठिकाणी आम्ही उत्तर शोधलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नवा मॅनेजर आल्यावर त्यानं सगळी बटणं पुन्हा पूर्वीच्या जागी फिरवली. त्याची हळहळ मला आहे. रस्तोगीजींकडे उत्तर टिकलं, कारण तिथे ते बटणात नव्हतं, नसीम आपांच्या हातात जाऊन बसलं होतं.

दिवाळी झाल्यावर काही आठवड्यांनी मी तिकडे शेवटची फेरी मारली. यावेळी डबा चांगल्या चकल्यांचा होता. निघताना नसीम आपा माझ्यामागून फाटकापर्यंत आल्या, ओढणीखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि म्हणाल्या, "घर जाकर खोलिएगा."

मला कुठला दम निघतोय? तिथेच उघडलं. आत एक कप होता. पांढरी झिलई, त्यावर हातानं काढलेली निळी वेल, काठ इतका सुरेख की बोट फिरवतच राहावं. आणि कानाच्या मुळाशी लांबच लांब चीर. दुसऱ्या प्रयोगातला, ओल्या कानाच्या, पंख्याखालच्या फळीवरचा. त्यांनी तो बाजूला काढून ठेवला होता, रंगवला होता आणि पुन्हा भट्टीत घालून पक्का करून घेतला होता.

"उम्र भर में यही माल हमने जान-बूझ कर खराब किया है," त्या म्हणाल्या. "ये आपका है."

मेहमानापुढे खराब माल ठेवायला ज्यांचा हात उठत नव्हता, त्या दोन्ही हातांनी तो कप माझ्यापुढे धरून उभ्या होत्या. मी चेष्टेनंच म्हटलं, "आपा, मेहमान को टूटा कप?"

"आप अब मेहमान कहाँ रहीं," त्या म्हणाल्या, आणि टेबलावर काम पडलं होतं म्हणून आत निघून गेल्या.